भारतीय इंग्रजी: काय ठेवावं, काय बदलावं

परदेशातल्या सहकाऱ्याला ईमेल लिहिताना, विद्यापीठाचा अर्ज भरताना किंवा मुलीकडे शिकागोला निघालेल्या आईवडिलांसाठी औषधांची यादी करताना अनेक वाचकांचा हात एकाच जागी अडतो. शाळेपासून लिहीत आलो ते इंग्रजी तिथे चालेल का? ‘प्रीपोन’ चुकीचा म्हणतात, ते खरं का? ‘डू द नीडफुल’ लिहिलं तर हसतील का? यावर मिळणारे सल्ले दोन टोकांचे असतात. एक म्हणतो, हे सगळं चुकीचं इंग्रजी आहे, मुळापासून टाकून द्या. दुसरा म्हणतो, भाषा आता आपलीही आहे, त्यांनीच समजून घ्यावं. दोन्ही सल्ल्यांनी तुमची अडचण सुटत नाही, कारण एकाचं लक्ष शुद्धतेवर आहे आणि दुसऱ्याचं मानावर. तुमच्या पत्राचं पुढे काय होणार, हे दोघंही बघत नाहीत. इथे सुचवलेली कसोटी साधी आहे. तुमचं वाक्य वाचून समोरचा माणूस नेमकं काय करील? तुम्हाला हवं तेच करणार असेल, तर शब्द अस्सल भारतीय असला तरी राहू द्या. भलतंच काही करण्याची शक्यता असेल, तर वाक्य व्याकरणात चोख बसत असलं तरी बदला.

आधी वाचक कोण ते ठरवा

सगळ्या जगाला सारखंच लागू पडेल असं एकच इंग्रजी अस्तित्वात नाही. ब्रिटिश आणि अमेरिकी या दोन प्रतिष्ठित मानलेल्या रूपांचंही एकमेकांशी पटत नाही. सभेत एखादा प्रस्ताव ‘टेबल’ करणं म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणं. अमेरिकेत त्याचाच अर्थ तो तूर्त बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांच्या एका बैठकीत या एका क्रियापदापायी बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, असं चर्चिल यांनी आपल्या युद्धस्मृतींत नोंदवलं आहे. दोन्ही बाजूंना हवं होतं एकच, तरीही. आपल्या संसदेत हा शब्द ब्रिटिश अर्थानेच येतो. त्यामुळे अमेरिकी कंपनीच्या बैठकीत एखाद्या पुणेकराने तो वापरला आणि घोटाळा झाला, तर त्याचं मूळ ब्रिटिश वारशात आहे, पुणेकराच्या कच्च्या इंग्रजीत नाही. ‘फर्स्ट फ्लोअर’चंही तसंच. आपल्याकडे आणि लंडनमध्ये तो तळमजल्याच्या वरचा मजला, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तळमजलाच. ‘क्वाइट गुड’ म्हटलं की ब्रिटिश माणूस ‘बरं आहे’ असं समजतो आणि अमेरिकी ‘फार छान’ असं.

शिवाय तुमचं पत्र वाचणारा जर्मन, जपानी किंवा ब्राझिलियन असू शकतो. त्याने इंग्रजी शिकलेलं असतं पुस्तकातून आणि कामातून. त्याला लंडनच्या लकबी कळत नाहीत आणि आपल्याही कळत नाहीत. म्हणून ‘आंतरराष्ट्रीय इंग्रजी’ म्हणजे ब्रिटिश किंवा अमेरिकी माणसाची नक्कल, हा समज सोडून द्या. कोण वाचणार, कुठे बसून वाचणार आणि वाचून त्याने काय करायचं आहे, एवढं ठरवलं की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

शब्दनिवडीवर किती काय अवलंबून असू शकतं, याचा सर्वांत कठोर पुरावा विमानवाहतुकीतला आहे. 25 जानेवारी 1990 रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं आव्हियांका कंपनीचं 52 क्रमांकाचं विमान खराब हवामानामुळे बराच वेळ आकाशात घिरट्या घालत राहिलं. वैमानिकांनी इंधन संपत आल्याचं सांगितलं, ‘प्रायॉरिटी’ मागितली. पण ‘इमर्जन्सी’ हा ठरलेला शब्द उच्चारला नाही. नियंत्रकांच्या लेखी पहिला शब्द म्हणजे घाई होती, दुसरा म्हणजे सगळं सोडून या विमानाला वाट द्या. इंधन संपून विमान कोसळलं आणि 158 जणांपैकी 73 जण दगावले. अपघाताला इंधनाच्या नियोजनातल्या चुकाही कारण होत्या, हे खरं. पण इथे व्याकरणाची चूक कुणाचीच नव्हती. बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ ऐकणाऱ्याच्या कृतीपर्यंत पोहोचला नाही. तुमच्या ईमेलवर कुणाचा जीव अवलंबून नसेल. नोकरी, प्रवेश, व्हिसा किंवा हजारो रुपयांचा करार मात्र असू शकतो.

आपल्या शब्दांचे तीन गट करा

पहिला गट निरुपद्रवी शब्दांचा. ‘प्रीपोन’ हा ऑक्सफर्डच्या शब्दकोशांत भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून नोंदलेला आहे आणि ‘पोस्टपोन’ ज्याला कळतो, त्याला तो संदर्भाने कळतो. ‘कझिन ब्रदर’, ‘टुडे मॉर्निंग’, ‘रिटर्न बॅक’, ‘डिस्कस अबाउट’ यांनी अर्थाला धक्का लागत नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत किंवा संशोधन नियतकालिकात शेवटचे दोन चूक धरले जातील, म्हणून तिथे टाळा. रोजच्या पत्रव्यवहारात त्यांच्यासाठी झोप उडवून घेऊ नका. ‘डू द नीडफुल’ एके काळी ब्रिटनमध्येही सर्रास लिहिलं जाई. तिथे ते मागे पडलं, आपल्या कचेऱ्यांनी जपलं. त्याच्यावर जुनाटपणाचा आरोप होतो, पण खरा दोष वेगळाच आहे: करायचं काय, हे ते सांगतच नाही. ‘गुरुवारपर्यंत सही करून दोन्ही प्रती पाठवा’ असं लिहिलंत, तर त्या शब्दप्रयोगाची गरजच उरत नाही.

दुसरा गट वाचकाला अडवणाऱ्या शब्दांचा. ‘आउट ऑफ स्टेशन’, ‘नेटिव्ह प्लेस’, ‘एटीकेटी’, ‘डिकी’, ‘गोडाउन’, ‘स्टेपनी’. यातल्या शेवटच्या शब्दाची जन्मकथा वेल्समधली आहे; लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर तयार झालेलं जादा चाक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभर गेलं. आज मात्र ब्रिटनमधला गॅरेजवालाही ‘स्टेपनी’ म्हटल्यावर थांबून बघेल. हे शब्द त्रास देतात, पण घात करत नाहीत, कारण वाचक थांबतो आणि विचारतो. त्यात तुमचा एक दिवस जातो, इतकंच.

तिसरा गट फसवणाऱ्यांचा आणि खरी काळजी त्याचीच घ्यायला हवी. इथे वाचक थांबत नाही. शब्द त्याच्या ओळखीचा असतो, वाक्य सरळ असतं, आणि तो स्वतःचा अर्थ घेऊन कामाला लागतो. चूक झाली हे दोघांनाही कळत नाही.

फसवणारे शब्द: हे नक्की बदला

* रिव्हर्ट. आपल्याकडे याचा अर्थ ‘उत्तर द्या’. बाहेर बहुतेक ठिकाणी अर्थ ‘पूर्वस्थितीला न्या’. सॉफ्टवेअरमध्ये तर ही रोजची आज्ञाच आहे: केलेला बदल रद्द करणं. तुम्ही सहकाऱ्याने केलेला बदल बघितला आणि खाली लिहिलंत, ‘प्लीज रिव्हर्ट’. तुम्हाला हवं होतं त्याचं मत. त्याने सबंध आठवड्याचं काम मागे घेतलं. ‘रिप्लाय’ लिहा.
* वुड. ‘आय वुड सेंड द रिपोर्ट टुमॉरो’ हे आपल्या कानाला ‘विल’पेक्षा नम्र वाटतं. परदेशी वाचकाला ते अर्धवट वाटतं: पाठवला असता, पण कशावर अडलंय? तो अटीची वाट पाहत बसतो, किंवा तुमची तयारी नाही असं समजतो. ठरलेल्या कामासाठी ‘विल’ वापरा. नम्रता ‘प्लीज’ आणि ‘थँक्यू’ने व्यक्त होते.
* डाउट. ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर रिपोर्ट’ म्हणजे आपल्या मते एक शंका विचारायची आहे. वाचणाऱ्याच्या मते तुम्हाला त्याच्या अहवालाच्या खरेपणाबद्दल संशय आहे. ‘क्वेश्चन’ म्हणा.
* स्टे. ‘आय स्टे इन ठाणे’ म्हणजे तिथे मुक्काम आहे, तात्पुरता. बँकेत, व्हिसाच्या खिडकीवर आणि करविषयक कागदांत मुक्काम आणि वास्तव्य यांत मोठा फरक असतो. कायमचं घर असेल तर ‘लिव्ह’.
* हॉटेल. मराठीत आपण मिसळ खायला हॉटेलात जातो. सहकारी स्त्रीला ‘लेट्स गो टू अ हॉटेल’ म्हणणारा माणूस जेवणाबद्दल बोलतोय, हे परदेशात कुणाच्या डोक्यात येणार नाही, आणि त्यातून रीतसर तक्रारही होऊ शकते. ‘रेस्टॉरंट’ म्हणा. इमारतीच्या मागच्या बाजूला ‘बॅकसाइड’ म्हणू नका. तो शब्द माणसाच्या पार्श्वभागासाठी आहे.
* ब्रदर, सिस्टर. मराठी मनात चुलतभाऊ हा भाऊच असतो. अर्जात मात्र चुलतभावाला नुसतं ‘ब्रदर’ लिहिणं म्हणजे खोटी माहिती देणं ठरू शकतं. व्हिसा, विमा, रुग्णालयातली जवळच्या नातेवाइकाची नोंद, सगळीकडे ‘कझिन’. साडू, जाऊ, व्याही अशी नाती उलगडून लिहा: पत्नीच्या बहिणीचा नवरा, वगैरे.
* ओन्ली. आपला ‘च’ इंग्रजीत नेताना आपण ‘ओन्ली’ लावतो. ‘ही कम्स ऑन मंडे ओन्ली’ हे वाचून इतर दिवशी तो येत नाही, असा निष्कर्ष निघतो. जोर द्यायचा असेल तर वाक्य फिरवा, ‘ओन्ली’ काढा.
* इव्ह-टीझिंग. तसा हा दुसऱ्या गटातला, भारताबाहेर न कळणारा; पण भारतातही तो गुन्ह्याला थट्टेचं रूप देतो, म्हणून इथे घेतला. तक्रार कुठेही करायची असो, ‘सेक्शुअल हॅरासमेंट’ किंवा ‘स्टॉकिंग’ असं स्पष्ट लिहा. आपल्या कायद्यातही हीच नावं आहेत.

या यादीत न बसणारी एक सवय आहे आणि ती सगळ्यांत चोरपावलांनी घात करते: नकारार्थी प्रश्नाला दिलेलं उत्तर. ‘तुम्हाला कधी व्हिसा नाकारलेला नाही ना?’ या प्रश्नावर मराठी माणूस ‘हो’ म्हणतो. म्हणजे, तुम्ही म्हणता ते बरोबर, नाकारलेला नाही. आपण विचारणाऱ्याच्या विधानाला दुजोरा देतो. इंग्रजीत ‘यस’ विधानाला दुजोरा देत नाही, घटनेला देतो. तिथे ‘यस’चा अर्थ ‘हो, नाकारला आहे’ असा होतो. बोलण्याच्या ओघात हा फरक ऐकणाऱ्याला कळायला काही मार्गच नसतो. अधिकारी ‘यस’वर खूण करतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. फोनवरच्या व्यवहारात, मुलाखतीत, साक्षीत आणि डॉक्टरपुढे (‘तुम्हाला कसली ॲलर्जी नाही ना?’) हीच गोष्ट घडते. उपाय एकच: नकारार्थी प्रश्नाला सुट्या ‘यस’ किंवा ‘नो’ने कधीही उत्तर देऊ नका. पूर्ण वाक्य बोला: ‘आय हॅव नेव्हर बीन रिफ्यूज्ड अ व्हिसा.’ घरात दोनचार वेळा मोठ्याने सराव केलात, तर ऐनवेळी जीभ वळते.

आता एक आक्षेप. एवढं सगळं आपणच का बदलायचं? भारतात इंग्रजी वापरणाऱ्यांची संख्या कित्येक देशांच्या लोकसंख्येहून मोठी आहे. मग त्यांनी आपलं इंग्रजी का शिकू नये? आक्षेपात तथ्य आहे आणि न्यायाच्या दृष्टीने तो बिनतोडही आहे. पण पत्र लिहिताना न्याय मागायचा नसतो, काम करून घ्यायचं असतं, आणि ज्याला काम करून घ्यायचं त्याने स्पष्ट लिहायचं. हाच नियम उलट दिशेनेही लावा, बिनधास्त लावा. अमेरिकी सहकारी बेसबॉलमधून आलेल्या ‘बॉलपार्क फिगर’ किंवा ‘टच बेस’ अशा शब्दांत बोलू लागला, तर ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारणं हा तुमचा हक्क आहे. न कळलेल्या गोष्टीवर मान डोलावणं ही आपली जुनी खोड आहे आणि ती चुकीच्या ‘रिव्हर्ट’इतकीच महाग पडते.

‘आता संगणकच सगळं सुधारून देतो’ हा दुसरा आक्षेप. शब्दलेखन तपासणारी सोय ‘प्रीपोन’खाली लाल रेघ मारील, म्हणजे निरुपद्रवी शब्दावर बोट ठेवील. ‘रिव्हर्ट’, ‘डाउट’, ‘स्टे’, ‘वुड’ हे सगळे तिच्या मते शुद्ध आहेत, कारण तुमच्या मनातला अर्थ तिला दिसत नाही. मसुदा नीट करून देणारी नवी साधनं वाक्य गुळगुळीत करतात, पण चुकीचा अर्थही तितक्याच गुळगुळीतपणे पुढे नेतात. ती जरूर वापरा. फसवणाऱ्या शब्दांची यादी मात्र स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.

स्पेलिंगबद्दल फार विचार करू नका. ब्रिटिश किंवा अमेरिकी, एक निवडा आणि सबंध कागदभर तेच ठेवा. संस्थेची ठरलेली पद्धत असेल तर ती.

आकडे, तारखा आणि वेळ

इथे भाषेपेक्षा चिन्हं फसवतात, म्हणून नियम काटेकोर ठेवा.

* लाख-कोटी देशाबाहेर लिहू नका. 10 लाख म्हणजे 1 मिलियन, 1 कोटी म्हणजे 10 मिलियन, 100 कोटी म्हणजे 1 बिलियन. ‘बिलियन’चा अर्थही कायम हाच नव्हता, ब्रिटिश सरकारने 1974 मध्ये आजचा अर्थ अधिकृतपणे स्वीकारला. जुना ब्रिटिश दस्तऐवज वाचताना हे ध्यानात असू द्या.
* स्वल्पविराम त्यांच्या पद्धतीने द्या: 15,00,000 ऐवजी 1,500,000. आपली मांडणी पाहून वाचकाला एखादा अंक गळला आहे, असं वाटू शकतं. जर्मनीसारख्या देशांत पूर्णविराम आणि स्वल्पविराम यांची कामं अदलाबदल झालेली असतात, तेव्हा मोठ्या रकमा अक्षरांतही लिहा.
* 04/05/2026 ही तारीख आपल्याला 4 मे, अमेरिकनाला 5 एप्रिल. महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलं की प्रश्न संपला. फाइलींच्या नावांत आयएसओ 8601 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवा.
* ‘आयएसटी’ ही अक्षरं भारताबरोबर इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात. ‘भारतीय वेळ, यूटीसी अधिक 5:30’ असं लिहा. अमेरिका आणि युरोप मार्चमध्ये आपापली घड्याळं वेगवेगळ्या रविवारी पुढे करतात. त्या दिवसांत नेहमीच्या बैठकीची वेळ पुन्हा विचारून घ्या.
* ‘ऑन लीव्ह टिल मंडे’ यात सोमवार धरायचा की नाही, कुणालाच सांगता येत नाही. कामावर कधी परतणार ते लिहा: ‘मंगळवार, 9 जूनपासून उपलब्ध’.

अर्ज आणि गुणपत्रिका

ओळखीचा शब्द वेगळ्या मापाने मोजला जातो, याचं ठळक उदाहरण म्हणजे ‘फर्स्ट क्लास’. आपल्याकडे साधारण 60 टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते आणि दहावी-बारावीला 75 टक्क्यांच्या पुढे विशेष प्रावीण्य. ब्रिटिश विद्यापीठांत पहिला वर्ग सहसा 70 टक्क्यांपासून सुरू होतो आणि तिथे 70 मिळवणं हे आपल्याकडच्या 70 पेक्षा बरंच अवघड मानतात. म्हणून अर्जात नुसता ‘फर्स्ट क्लास’ लिहून स्वतःच तुलना करायला जाऊ नका. मिळालेले गुण, एकूण गुण आणि विद्यापीठाने दिलेली श्रेणी जशीच्या तशी लिहा. श्रेणीचा तक्ता गुणपत्रिकेच्या मागे छापलेला असेल तर त्याचीही प्रत जोडा. गुणांचं रूपांतर करणं हे त्या संस्थेचं काम आहे. तुम्ही केलेलं रूपांतर चुकलं, तर मात्र जबाबदारी तुमची.

‘पास्ड आउट इन 2021’ याचा बाहेरचा पहिला अर्थ बेशुद्ध पडणं. लष्करी प्रशिक्षण संस्थांपुरता तो आपल्या अर्थाने चालतो. ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा. ‘फ्रेशर’ म्हणजे ब्रिटनमध्ये महाविद्यालयात नुकताच दाखल झालेला विद्यार्थी. नोकरीच्या अर्जात त्याऐवजी ‘रीसेंट ग्रॅज्युएट’. आपल्या बायोडेटात वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती आणि फोटो घालायची प्रथा आहे. ब्रिटन-अमेरिकेत ही माहिती मुद्दाम वगळतात, कारण तिच्यावरून भेदभाव होऊ शकतो आणि मालकालाही ती हातात नको असते. ती न देणं हा तुमचा अधिकार समजा.

दवाखान्यात

परदेशातल्या मुलांकडे गेलेल्या ज्येष्ठांना भाषेचा खरा फटका बसतो तो इथे. घरात इंग्रजी बोलणारे सगळे असतात, आणि म्हणूनच कुणी वेगळी तयारी करत नाही. भारतात ‘पॅरालिसिस अटॅक’ म्हणतात त्याला तिकडे ‘स्ट्रोक’ म्हणतात, आणि त्यात उपचाराची मिनिटं मोजली जातात. तातडीच्या फोनवर ‘स्ट्रोक’ हाच शब्द तोंडी यायला हवा. नुसत्या ‘अटॅक’वरून हृदयविकार, भीतीचा झटका की हल्ला, काहीच कळत नाही. ‘शुगर आहे’, ‘बीपी आहे’ यांऐवजी ‘डायबिटीस’ आणि ‘हाय ब्लड प्रेशर’. ‘गॅसेस झालेत’ हे आपण छातीतल्या जळजळीपासून पोटफुगीपर्यंत कशालाही म्हणतो. तिथला डॉक्टर ‘गॅस’ ऐकून हृदयाचा विचार करीलच असं नाही. कुठे दुखतंय, कसं दुखतंय, कधीपासून आणि घाम येतोय का, हे सांगा. ‘लूज मोशन’ला ‘डायरिया’ म्हणा.

औषधांची नावंही देश बदलला की बदलतात. आपलं आणि ब्रिटिशांचं पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होतं, साल्ब्युटामॉल ॲल्ब्युटेरॉल होतं, ॲड्रिनलिन एपिनेफ्रिन होतं. पुण्याहून नेलेली क्रोसिन किंवा डोलो चालू असताना ताप उतरत नाही म्हणून तिथल्या दुकानातली टायलेनॉल घेतली, तर एकच औषध दुप्पट पोटात जातं. प्रौढांसाठी 24 तासांत 4 ग्रॅम ही त्याची सर्वसाधारण कमाल मर्यादा आहे. ती ओलांडली की यकृताला इजा होऊ शकते. म्हणून यादीत गोळीचं व्यापारी नाव, आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम, तिन्ही लिहा. रक्तातली साखर भारत आणि अमेरिकेत मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये. आपल्या आकड्याला 18 ने भागलं की त्यांचा मिळतो: 180 म्हणजे तिथे 10. ब्रिटिश यंत्रावर 10 पाहून साखर घसरली असं समजून कुणाला साखर भरवू नका.

आणि इंग्रजीवर निभावून नेण्याची सक्ती तुमच्यावर नाही. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत दुभाषा मागता येतो, त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. अमेरिकेत केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांना भाषासाहाय्य विनामूल्य द्यावं लागतं. बहुधा ते फोनवरून मिळतं. नातवंडाने भाषांतर करण्यापेक्षा हे केव्हाही बरं, कारण आजी नातवापुढे सगळं सांगत नाही. नोंदणी करतानाच ‘मराठी इंटरप्रिटर’ मागा.

उच्चार आणि तुमचे हक्क

उच्चार बदलण्यासाठी पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्या. विमानचालकांसाठी 2008 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय भाषापातळीतही मातृभाषेची छाप चालते; ती समजण्याच्या आड फक्त कधीकधी यावी, एवढीच किमान अपेक्षा आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या 11 ते 14 मिनिटांच्या संभाषण चाचणीतही गुण मिळतात ते सहज समजेल अशा बोलण्याला. ब्रिटिश ढबीला वेगळे गुण नाहीत. तेव्हा ढब राहू द्या आणि वेग कमी करा. नावं, आकडे आणि तारखा बोलताना थांबा. आयईएलटीएसमध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही स्पेलिंगं चालतात. निकाल पटला नाही, तर परीक्षेच्या तारखेपासून 6 आठवड्यांत फेरतपासणी मागता येते आणि गुण वाढले तर त्याचं शुल्क परत मिळतं.

नोकरीत उच्चारावरून डावललं गेलं, तर गप्प बसू नका. अमेरिकेतल्या 1964 च्या नागरी हक्क कायद्याखाली मूळ देशावरून भेदभाव करता येत नाही, आणि उच्चारामुळे त्या कामातल्या संवादाला खरोखर मोठी बाधा येत असेल तरच मालकाला ते कारण पुढे करता येतं. 15 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना हा कायदा लागू आहे. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात उच्चाराचा वेगळा उल्लेख नाही, पण उच्चाराच्या आडून वंशावरून किंवा राष्ट्रीय मूळावरून भेदभाव झाला असेल तर दाद मागता येते. कुणी काय म्हटलं, कधी म्हटलं, समोर कोण होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

इंग्रजी लागतच नाही तिथे

परदेशी पत्रव्यवहारासाठी इंग्रजी घासूनपुसून घेताना एक गोष्ट आपण विसरतो: आपल्याच राज्यातल्या कचेरीला इंग्रजीत लिहिण्याचं कारण बहुतेक वेळा नसतं. संविधानाच्या अनुच्छेद 350 प्रमाणे गाऱ्हाणं मांडणारं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला, तिथे वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 6 नुसार अर्ज मराठीत करता येतो, आणि लिहिता येत नसेल तर तोंडी विनंती लेखी उतरवायला माहिती अधिकाऱ्याने मदत करायची असते. ‘काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट’ अशा वाक्यामागे नेमकी मागणी लपवण्यापेक्षा नीट मराठीत तारीखवार मागणी लिहा.

मराठी कागद परदेशी कचेरीला द्यायचा असेल, तर अनुवाद जोडावा लागतो. ब्रिटनच्या व्हिसासाठी अनुवादकाचं पूर्ण नाव, सही, तारीख, संपर्क आणि अनुवाद अचूक असल्याचं निवेदन लागतं. अमेरिकी नागरिकत्व व स्थलांतर सेवेला अनुवाद पूर्ण व अचूक आहे आणि अनुवादक त्यासाठी सक्षम आहे, असं लेखी प्रमाणपत्र हवं असतं. अनुवाद करून घेताना ‘सातबारा’, ‘तालुका’, ‘तलाठी’ असे शब्द तसेच ठेवून पुढे एका ओळीत अर्थ द्यायला सांगा. ओढूनताणून केलेला इंग्रजी प्रतिशब्द दुसऱ्या कागदाशी जुळत नाही आणि छाननीत अडकतो. नावाची अक्षरं सगळ्या कागदांवर पासपोर्टप्रमाणेच आहेत का, हे अनुवादकाने सही करण्याआधी स्वतः ताडून पाहा.